बोट कुणाचं, जबाबदारी कुणाची?

ऑफिसच्या ई-मेलवर आलेली 'रिमोट'ची, म्हणजे आपला संगणक दूरच्या संगणकाला जोडून देणारी, फाइल कुणीतरी उघडली आणि पुढे घोटाळा झाला, की आपल्याकडे वादाला दोनच फाटे फुटतात. एक बाजू म्हणते, माणसं बेफिकीर झालीत. ताकीद द्या, सह्या घ्या, तरी ऐकत नसतील तर घरी बसवा. दुसरी म्हणते, हे रिमोटचं खूळच बंद करा. ज्याला काम करायचंय त्याने खुर्चीत येऊन बसावं. रत्नागिरी-चिपळूणकडच्या पतसंस्था, सीए मंडळींची कार्यालयं, आंबा-मासळी बाहेर पाठवणाऱ्यांच्या कचेऱ्या, कुठेही जा, हीच दोन वाक्यं ऐकू येतात आणि त्या आवाजात मुद्दा बुडून जातो. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. बाहेरून आलेली अशी फाइल कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचते आणि दोन टिचक्यांत चालूही होते, हा त्या कार्यालयाचा निर्णय असतो, कुणी घेतलेला किंवा कुणीच न घेतलेला. त्याचा जाब मालकाला, संचालक मंडळाला आणि संगणक बसवून देणाऱ्या ठेकेदाराला विचारायला हवा. कारकुनाच्या वाट्याला एकच जबाबदारी येते: काही विचित्र दिसलं तर तत्काळ सांगणं. आणि ते सांगायला त्याची जीभ रेटेल असं वातावरण ठेवणं, हे पुन्हा वरच्यांचंच काम.

वाद भरकटतो कारण ही फाइल म्हणजे नेमकं काय, हेच अनेकांना माहीत नसतं. लोक तिला व्हायरस समजतात. ती व्हायरस नाही. ही 'आरडीपी' (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, साध्या मजकुराच्या वीस-तीस ओळी दिसतील. एका ओळीत कुठल्या संगणकाला जोडायचं त्याचा पत्ता. पुढच्या ओळींत, जोडताना आपल्याकडचं काय काय त्या संगणकाला वापरू द्यायचं त्याची यादी: क्लिपबोर्ड, प्रिंटर, स्मार्ट कार्ड. ड्राइव्हच्या ओळीपुढे नुसता एक तारा (*) असला, तर त्याचा अर्थ तुमच्या सगळ्या ड्राइव्ह. डी ड्राइव्हवरचं टॅली आलं, नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर आला, लावून ठेवलेला पेनड्राइव्हही आला. या मजकुरात विषारी असं काहीच नसल्यामुळे अँटिव्हायरसला बहुधा त्यात काही खटकत नाही. आणि ती चालवायला काही उतरवून घ्यावं लागत नाही. जोडणी करणारा प्रोग्रॅम विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. 'एनीडेस्क (दुसऱ्याला दुरून आपलं यंत्र चालवू देणारं अॅप) उतरवू नका' हे रिझर्व्ह बँकेने 2019 साली बजावलं तेव्हापासून लोकांच्या थोडंफार अंगवळणी पडलंय. इथे तर उतरवायचा प्रश्नच येत नाही. चोर आपल्या घरात शिरेल म्हणून आपण कडी लावून बसतो, आणि इथे आपणच घराच्या किल्ल्या खिशात घालून चोराच्या ओटीवर जाऊन बसतो.

ही काल्पनिक भीती नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मिडनाइट ब्लिझर्ड' नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीची मोहीम उघड केली. अमेरिका आणि ब्रिटनची सरकारं या टोळीचा संबंध रशियाच्या परदेशी गुप्तहेर खात्याशी जोडतात. शंभरहून अधिक संस्थांमधल्या हजारो लोकांना आरडीपी फाइल जोडलेल्या मेल गेल्या होत्या. सरकारी खाती, संरक्षण क्षेत्र, विद्यापीठं, स्वयंसेवी संस्था असे निशाणे होते. मेलमधला विषय मायक्रोसॉफ्टचा, अॅमेझॉनच्या क्लाउडचा (एडब्ल्यूएस), नाहीतर 'झिरो ट्रस्ट' या सुरक्षेच्याच संकल्पनेचा. त्यातल्या काही हल्ल्यांत फाइल उघडणाऱ्याला दिसत होती ती 'एडब्ल्यूएस सिक्युअर स्टोअरेज कनेक्शन स्टॅबिलिटी टेस्ट' अशा भारदस्त नावाची एक खिडकी. ती समोर चालू असताना मागे ड्राइव्ह उघड्या. शिवाय त्या मेल निघाल्या होत्या आधीच्या हल्ल्यांत हाती लागलेल्या, खऱ्याखुऱ्या संस्थांच्या पत्त्यांवरून. आता सांगा, 'पाठवणाऱ्याचा पत्ता नीट तपासा' या सल्ल्याचं काय करायचं? पत्ता खराच होता.

आणि फाइलवर सहीसुद्धा होती, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. तेव्हा सही नसलेली फाइल उघडली की विंडोज पिवळ्या पट्टीत सांगायचं, प्रकाशक ओळखता येत नाही. सही असली की तोच प्रश्न जरा सौम्य व्हायचा: या प्रकाशकावर तुमचा विश्वास आहे ना? पण सही करायला लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळू शकतं. ते एवढंच सांगतं, की अमुक वेबपत्ता अमक्याच्या ताब्यात आहे. तो अमका सज्जन आहे असं ते कुठेही म्हणत नाही. कोकणच्या माणसाला हे नव्याने शिकवायची गरज पडू नये. सोळाव्या शतकात या किनाऱ्यावरून जहाज न्यायचं तर पोर्तुगिजांचा 'कार्ताझ' हा परवाना घ्यावा लागे. त्यात जहाज, नाखवा, माल, मुक्काम सगळं लिहिलेलं असे. दाभोळ-चौलच्या व्यापाऱ्यांनी हे कागद घेतले, बादशहा-सुलतानांनीही घेतले. पुढे आंगऱ्यांनी स्वतःची दस्तकं काढली ती याच खेळाला उत्तर म्हणून. आणि 1613 साली सुरतेजवळ जहांगीर बादशहाच्या आईचं 'रहीमी' हे जहाज पोर्तुगिजांनी पकडलं, तेव्हा त्या जहाजावर कार्ताझ होताच, पोर्तुगिजांनीच दिलेला. परवाना देणारा आणि लुटणारा एकच निघाला, तर कागद कितीही अस्सल असला तरी काय कामाचा? 2024 च्या त्या फायलींवर सही होती ती हल्लेखोरांनी स्वतःच उभ्या केलेल्या वेबपत्त्यांची.

आता पहिल्या बाजूकडे, म्हणजे 'लोक जागरूक झाले की प्रश्न सुटेल' म्हणणाऱ्यांकडे. त्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा मी नाकारत नाही. शेवटी टिचकी माणूसच मारतो. कितीही गाळण्या लावा, एखादी मेल निसटणारच, आणि त्या क्षणी टेबलावरच्या माणसाच्या मनात 'हे आपल्याला कशाला आलं?' ही शंका आली तरच कार्यालय वाचतं. कित्येक हल्ले उघडकीला येतात तेही कुणा सावध माणसामुळे. प्रशिक्षण द्यावं, जरूर द्यावं. माझा आक्षेप सावधपणाला नाही, सगळा भार त्याच्यावर टाकण्याला आहे. मार्चअखेरीस सीएच्या ऑफिसात बसलेली मुलगी दिवसभरात किती मेल उघडते याचा अंदाज करा. त्यातल्या बऱ्याच अनोळखी पत्त्यांवरून आलेल्या, बऱ्याच 'तातडीचं' म्हणून, आणि त्या उघडणं हेच तिचं काम. तिच्याकडून अशी अपेक्षा, की त्या ढिगातली खोटी एक तिने दरवेळी, न चुकता ओळखावी. हल्लेखोराला मात्र नशिबाची साथ एकदाच मिळाली की पुरते. हा हिशोब कुठल्या धंद्यात मान्य होईल?

जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी दरडीच्या दगडांवर आदळून घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. तेव्हाही म्हणता आलं असतं, की मोटरमननी डोळ्यांत तेल घालून गाडी हाकावी. पण रात्रीच्या पावसात, वळणापलीकडे पडलेला दगड कुणाला किती आधी दिसणार? म्हणून डोंगरकापांचे उतार कमी केले, दगड अडवायला जाळ्या ठोकल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेगच वेळापत्रकात कमी करून टाकला. गाडी उशिरा पोचते म्हणून गणपतीला येणारे चाकरमानी दरवर्षी कुरकुरतात, मीही कुरकुरतो, पण वेग कमीच राहतो. गस्तवाले काढून टाकले का? नाही. आजही भर पावसात कंदील-बॅटरी घेऊन ते रूळ तपासत चालतात. पण तो गस्तवाला एकटा नसतो. त्याच्यामागे जाळी असते, उतार असतो, कमी केलेला वेग असतो. आपल्या कचेऱ्यांमध्ये नेमकं उलटं झालंय. जाळी नाही, उतार नाही, आणि गस्तवाल्याच्या हातून शपथपत्र लिहून घेतलंय.

कोकणातलंच आणखी एक उदाहरण या बाजूला अडचणीचं आहे. जून 2017 मध्ये न्हावा-शेव्याला, जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडे होतं आणि 'नॉटपेट्या' नावाच्या हल्ल्यात त्यांची जगभरची यंत्रणा कोसळली होती. उरणच्या कुठल्या कारकुनाने काय उघडलं होतं? काहीही नाही. विष शिरलं होतं ते युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि मर्स्कच्या आतल्या नेटवर्कला पुरेसे आडपडदे नसल्यामुळे ते इथवर आलं. वीस ते तीस कोटी डॉलरचा फटका कंपनीने स्वतः जाहीर केला. हा रिमोट फाइलचा हल्ला नव्हता, हे मान्य. पण 'शेवटी कुणीतरी क्लिक केलं म्हणूनच झालं' हे वाक्य जे लोक सिद्धान्तासारखं फेकतात, त्यांनी उरणच्या त्या दिवसाचं उत्तर द्यावं.

आता दुसरी बाजू: रिमोटच बंद करा. हा विचार ऐकायला करारी वाटतो, आणि त्यातही तथ्य आहे. जे दार लागत नाही ते बांधूच नये. कित्येक कार्यालयांत रिमोट चालू आहे तो केवळ कुणीतरी कधीतरी चालू केला म्हणून. सॉफ्टवेअरवाल्याचा पोरगा दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी आला, जाताना 'पुन्हा यायला नको' म्हणून जोडणी ठेवून गेला. पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला, जोडणी आहे तिथेच आहे. अशा ठिकाणी बंद करा म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण कोकणात बसून सरसकट बंदी मागणारा माणूस 3 जून 2020 विसरलेला दिसतो. निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड पट्ट्यात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा तळमजल्यावरचे संगणक, कपाटातल्या फायली, वह्या, सगळ्याचा चिखल झाला. ज्यांचे हिशोब दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर होते आणि ज्यांना तिथवर पोचायची वाट होती, त्यांचं दुकान नसलं तरी खातं शाबूत राहिलं. विमा मागायला कागद लागतात, कर्जाला कागद लागतात. ते कागद पाण्याच्या वर कुणी ठेवले होते? इथल्या निर्यातदाराचा माल वाशीत, हिशोबनीस लांज्यात, सीए ठाण्यात आणि मालक मे महिन्यात बागेत असतो. त्याला खुर्चीत येऊन बसायला सांगणं म्हणजे धंदा बंद करायला सांगणं. आणि बंदी घालूनही हा धोका टळत नाही, ही गोष्ट बंदीवाल्यांच्या ध्यानात येत नाही. या हल्ल्यात कुणी बाहेरून आत येत नाही. आपला संगणक बाहेर जातो. तुमच्या ऑफिसात रिमोटने एकही माणूस काम करत नसला, तरी विंडोजमधला तो प्रोग्रॅम आहेच, आणि फाइल उघडली की तो इमानदारीत जोडायला निघतो.

मग करायचं काय? इथे तिसराच आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो: अहो, हे मोठ्या कंपन्यांचं झालं, आमच्याकडे चार संगणक, आयटी खातं वगैरे काही नाही, आणि रशियाच्या हेरांना आमच्या हापूसचं काय पडलंय? हेरांना पडलेलं नाही, खरं आहे. पण असल्या युक्त्या हेरांपाशी राहत नाहीत. अशा जोडणीतून माहिती उपसायला मदत करणारी हत्यारं इंटरनेटवर उघड्यावर, फुकट उपलब्ध आहेत. उद्या त्यांचा वापर करणाऱ्या भुरट्याला तुमच्या हापूसमध्ये नाही, तर तुमच्या परदेशी गिऱ्हाइकाला जाणाऱ्या बिलावरच्या बँक खात्याच्या आकड्यात रस असेल.

राहिला खर्चाचा प्रश्न. विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवरची ये-जा अडवणाऱ्या राखणदारात, तो रिमोट जोडणीचा प्रोग्रॅम बाहेर कुठे जाऊ शकेल, हे ठरवणारा नियम लिहिता येतो: आपल्या सर्व्हरचा पत्ता सोडून बाकी सगळीकडे मनाई. त्याला पैसा लागत नाही, जाणत्या माणसाचा थोडा वेळ लागतो. नुसतं 3389 हे रिमोट जोडणीचं नेहमीचं पोर्ट, म्हणजे तिचं दार, बंद करून भागत नाही, कारण हल्लेखोर दुसरं पोर्ट वापरू शकतो. नियम प्रोग्रॅमवर हवा. कार्यालयाची मेल व्यवस्था पैसे भरून घेतलेली असेल, तर आरडीपी फाइल जोडलेली बाहेरची मेल आत न घेण्याची सोय तिच्यात बहुधा असते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ठरावीक प्रकाशकाच्याच फायली उघडतील असंही धोरण लावता येतं. होम आवृत्तीत ही पॉलिसीची खिडकीच नसते, आणि आपल्याकडे दुकानदार लॅपटॉपबरोबर होमच गळ्यात मारतो. कुणी म्हणेल, आमचा सॉफ्टवेअरवाला खरोखरच अशी फाइल मेलने पाठवतो, ती अडली तर काम अडेल. अडू दे. त्याला सांगा, फाइल मेलने नको, एकदा येऊन बसवून जा. गिऱ्हाइकाला अनोळखी जोडण्या उघडायची सवय लावणारा विक्रेता स्वतःच्या सोयीचा खर्च तुमच्या नावावर टाकतोय.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण कोकणातल्या लहान कार्यालयांत मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, म्हणजे आपलं 'डोंगल'. सीएच्या टेबलाचा खण उघडा: गिऱ्हाइकांची डोंगलं रबरबँड लावून ठेवलेली, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर पेनने नाव आणि बऱ्याचदा त्याखाली पिनसुद्धा. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या अशाच सह्यांनी निघतो, आणि व्यवहारात ती दोन्ही डोंगलं कुठल्यातरी एकाच ऑपरेटरच्या संगणकाला लावलेली सापडतात. रिमोट फाइलच्या यादीत स्मार्ट कार्डची ओळ असते असं वर म्हटलं, ती हीच. जोडणी चालू असताना डोंगल लावलेलं असेल, तर पलीकडचा संगणक त्याला स्वतःलाच लावल्यासारखं पाहू शकतो. आड असतो तो फक्त पिन. आणि पिनचा तक्ता 'पिन.एक्सेल' नावाने डेस्कटॉपवर ठेवलेला असेल, तर तोही ड्राइव्हबरोबर पलीकडे गेलेला असतो. यात चूक ऑपरेटरची, की दोन माणसांच्या सह्या एका माणसाच्या खणात ठेवू देणाऱ्या सरपंच-ग्रामसेवकांची? दोन सह्यांचा नियम कशासाठी केला होता?

शिक्षेबद्दल बोलतो आणि थांबतो. कामावरून काढा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की एकाला काढलं की दहा जण सावध होतात. सावध होतात, पण कशाबद्दल? पुढच्या वेळी चुकून फाइल उघडली गेली तर ते खिडकी बंद करतील, मेल पुसतील आणि गप्प बसतील. या हल्ल्यात गप्प बसण्याइतकं महाग दुसरं काही नाही. जोडणी चालू आहे तोवर फायली पलीकडे जात राहतात. शिवाय ड्राइव्ह हातात असल्यामुळे हल्लेखोर तुमच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये एखादा प्रोग्रॅम टाकून ठेवू शकतो. मग खिडकी बंद करा, संगणक बंद करा, दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं की तो आपोआप चालू. त्याच मिनिटाला नेटची वायर काढली, डोंगल ओढून काढलं, साहेबांना फोन केला, तर बरंच वाचतं. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने एप्रिल 2022 मध्ये काढलेल्या आदेशानुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. पैसे गेले असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा क्रमांक आहे. घाबरलेला कारकून तीन दिवसांनी तोंड उघडणार असेल, तर हे सहा तास मोजायचे कुठून?

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हाव्या लागतात. अहवाल छापून येतो, लाभांशावर तासभर भांडण होतं, चहा-बटाटवडा होतो. यंदा एखाद्या सभासदाने उठून एवढंच विचारावं: बाहेरून आलेली रिमोट फाइल आपल्या शाखेतल्या संगणकावर उघडते का, आणि अलीकडे कुणी ते करून पाहिलंय का? उत्तर व्यासपीठावरून यायला हवं. कोपऱ्यात माइक धरून उभ्या असलेल्या कारकुनाकडे अध्यक्षांनी बघायचं नाही.